गाडी बरोबर, डबा चुकीचा: युरोपात सॅक घेऊन फिरताना वारंवार होणारे रेल्वेचे घोळ

युरोपात सॅक पाठीला लावून रेल्वेने फिरणाऱ्यांचा एक प्रश्न माझ्या कानावर सारखा येतो. "वेळ बरोबर होती, फलाट बरोबर होता, पाटीवर आमच्याच गावाचं नाव होतं. तरी भलतीकडे कसे पोचलो?" पहिल्यांदा जाणारे हे विचारतात आणि चौथ्यांदा जाणारेही विचारतात. माझ्यावर ही वेळ आली तेव्हा माझी तिसरी सहल होती.

बहुतेक वेळा उत्तर एकच निघतं. गाडी वाटेत दुभागून तिच्या दोन गाड्या झाल्या आणि तुम्ही नको त्या अर्ध्यात बसला होतात. या लिहिण्यातला मोठा भाग त्यावरच आहे, कारण हा घोळ सर्वांत जास्त होतो आणि टाळायला सर्वांत सोपा आहे. बाकीचे घोळ पुढे थोडक्यात घेते.

इंटरलाकेनला काय झालं

स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेन ओस्ट स्टेशनातून डोंगरात जाणारी एक छोटी पिवळी-निळी गाडी सुटते. दहाएक मिनिटांनी त्स्वाइल्युचिनेन नावाचं स्टेशन लागतं. लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यातून येणारी पांढरी ल्युचिने आणि ग्रिंडेलवाल्डकडून येणारी काळी ल्युचिने या दोन नद्यांचा इथे संगम होतो. गावाच्या नावाचा अर्थच 'दोन ल्युचिने'. नद्या जिथे एक होतात, तिथे गाडीचे दोन भाग होतात. एक भाग लाउटरब्रुनेनला जातो, दुसरा ग्रिंडेलवाल्डला.

मला आणि माझ्या मावसबहिणीला लाउटरब्रुनेनला जायचं होतं. आधीच्या गाडीतून उतरून धावत आलो तेव्हा गाडी सुटायला जेमतेम मिनिट होतं. ती समोर आलेल्या दारातून चढली. मी फलाटाच्या दुसऱ्या टोकाकडे पळाले, कारण तिकडचे डबे रिकामे दिसत होते. आत चढायचं आणि मग आतून चालत एकमेकींकडे जायचं, हे दोघींनी न बोलताच धरून चाललं होतं. दोघींची तिकिटं तिच्या फोनमध्ये. इंटरनेटचं सिमही तिच्याच फोनमध्ये, माझा फोन तिच्या हॉटस्पॉटवर चालायचा.

बसल्यावर मी आतून तिच्याकडे निघाले तर डब्याच्या टोकाला ड्रायव्हरची केबिन. दार बंद, काचेपलीकडे तशीच दुसरी केबिन, आणि मधे वाट नाही. तेव्हाही वाटलं, उतरल्यावर भेटूच. घोषणा झाली होती, आधी जर्मनमध्ये आणि मग इंग्रजीत, पण माझ्या कानात इयरफोन होते. त्स्वाइल्युचिनेनला गाडी जरा जास्त वेळ थांबली, एक हलका हिसका बसला, आणि निघाल्यावर वळणावर खिडकीतून पाहिलं तर आमची गाडी निम्मीच उरली होती.

मी लाउटरब्रुनेनला उतरले. ती ग्रिंडेलवाल्डला उतरली. 'येईल ती पुढच्या गाडीने' म्हणून दोघीही थांबलो. दर अर्ध्या तासाने गाडी यायची आणि उतरणारा प्रत्येक चेहरा मी निरखून बघायचे. तासभर असा गेला. शेवटी परतीच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या कंडक्टरला मी आपणहून गाठलं, सगळं सांगितलं आणि माझ्याकडे तिकीट नाही हेही सांगितलं. त्याने दंड न करता बसू दिलं. तो त्याचा चांगुलपणा होता, नियमाने तो दंड करू शकला असता. त्स्वाइल्युचिनेनला दोन्ही खोऱ्यांतून परत येणारे भाग पुन्हा जोडले जातात. मी फलाटावर उतरले आणि पलीकडच्या भागातून तीही उतरली. तिचाही धीर त्याच सुमारास सुटला होता. आम्ही दोघी तिथेच बाकावर बसून थोडा वेळ रडलो. दोघींची बॅग, पैसे, पासपोर्ट सगळं सुरक्षित होतं. पण परक्या देशात आपलं माणूस हरवल्याचा तो एक तास मी विसरलेली नाही. म्हणून हे इतकं तपशिलात लिहिते आहे.

हे होतं कशामुळे

गजबजलेल्या मार्गावर दोन वेगळ्या गावांसाठी दोन वेगळ्या गाड्या सोडण्यापेक्षा दोन गाड्या जोडून एकच म्हणून चालवायच्या आणि फाटा फुटतो तिथे सोडवायच्या, ही युरोपातली जुनी रीत आहे. एक ड्रायव्हर वाचतो आणि रुळावर एकाच गाडीची जागा लागते. बर्लिनहून पश्चिमेला जाणाऱ्या वेगवान आयसीई गाड्यांचे हाम्म स्टेशनात वर्षानुवर्षं दोन भाग होत आले आहेत, एक कलोनकडे आणि दुसरा ड्युसेलडॉर्फकडे. म्युनिकहून दक्षिणेला आल्प्सच्या पायथ्याशी जाणाऱ्या एका लोकलमध्ये तर तीन गावांचे तीन तुकडे असतात. होल्त्सकिर्खेनला बायरिशत्सेलचा तुकडा वेगळा होतो, पुढे शाफ्टलाखला लेंगग्रीस आणि टेगर्नझे यांची वाटणी होते. बर्नहून निघालेल्या गाडीचे श्पीत्सला दोन भाग होऊन वेगवेगळ्या खोऱ्यांत जातात. जपानमध्येही हे आहे: तोक्योहून निघणाऱ्या हायाबुसा आणि कोमाची या शिंकान्सेन मोरिओकापर्यंत हातात हात घालून धावतात, मग एक उत्तरेला जाते आणि दुसरी आकिताला.

आपण फसतो याची कारणं दोन. फलाटावरच्या मोठ्या पाटीवर दोन्ही गावांची नावं असतात, आपण त्यातलं आपलं वाचतो आणि निर्धास्त होतो. दुसरं म्हणजे, आधुनिक गाड्यांचे संच टोकाला टोक लावून जोडलेले असतात, त्यांच्यामधून बहुधा चालत जाता येत नाही. 'आधी चढू, मग आतून जाऊ' हा हिशेब इथे चालत नाही.

चढण्याआधी काय बघायचं

फलाटावरची पाटी गाडीची असते. तुम्हाला हवी असते डब्यावरची पाटी. प्रत्येक डब्याच्या बाहेर, दाराशेजारी किंवा खिडकीच्या वर, छोटा पडदा असतो. त्यावर त्या डब्याचं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं. चढायच्या आधी तो वाचा. तीन सेकंदांचं काम आहे. आत गेल्यावर छतालगतच्या पडद्यावर तेच नाव दिसतंय का ते पुन्हा बघा.

तिकिटावर रिझर्वेशन असेल तर डब्याचा नंबर असतोच. जोडलेल्या आयसीईमध्ये बहुधा एका भागातले डबे विशीतल्या आकड्यांचे असतात आणि दुसऱ्यातले तिशीतल्या. २४ आणि ३४ हे डबे एकाच फलाटावर असले तरी त्यांचा पुढचा मार्ग वेगळा असू शकतो. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये फलाटाला ए, बी, सी अशी अक्षरं लावून विभाग पाडलेले असतात आणि कोणता डबा कोणत्या अक्षराखाली येईल ते फलाटावरच्या तक्त्यात किंवा पडद्यावर दिसतं. आधीच त्या अक्षराखाली उभं राहायचं. मात्र कधी कधी गाडी उलटी लागते. जर्मन घोषणेत 'उमगेकेर्टे वागनरायउंग' असे शब्द कानावर पडले, तर डब्यांचा क्रम उलटा आहे. मग तक्ता विसरायचा आणि डब्यावरचा नंबर बघायचा.

आणखी थोडे शब्द ओळखीचे असू द्या. 'गेटाइल्ट' म्हणजे गाडीचे भाग होणार. 'फोर्डरर त्सूकटाइल' म्हणजे पुढचा भाग, 'हिंटरर' म्हणजे मागचा. फ्रेंचमध्ये पुढच्याला 'आँ तेत', मागच्याला 'आँ क्य', इटालियनमध्ये 'इन तेस्ता' आणि 'इन कोदा'. भाषा येत नसली तरी एवढे शब्द गर्दीतूनही ऐकू येतात. आणि पहिल्या दोन स्टेशनांपर्यंत इयरफोन नकोत, ही माझी आता सक्तीच आहे.

घाईत चुकीच्या भागात चढावं लागलं तर? चढा. गाडी सोडून देण्यापेक्षा ते बरं. फक्त आत गेल्या गेल्या गाडी कुठे दुभागते आणि त्याआधी कुठे थांबते ते शोधा, आणि मधल्या एखाद्या स्टेशनात फलाटावर उतरून पलीकडच्या भागात जा. दुभागायच्या स्टेशनात गाडी सहसा काही मिनिटं थांबते, पण ती मिनिटं शेवटची समजा. सगळं सामान बरोबर घेऊनच उतरा. 'आधी मी बघून येतो, तू सॅक सांभाळ' असं करू नका.

चूक कळली तेव्हा गाडी सुटलेली असेल तर

पुढच्या स्टेशनात उतरायची घाई नको. ते स्टेशन इतकं लहान असू शकतं की तिथे माणूस नाही, छप्पर नाही आणि परतीची गाडी दोन तासांनी. आधी बघा, परतीची गाडी कुठून लवकर मिळते. कधी कधी शेवटपर्यंत जाऊन त्याच गाडीने परतणं सर्वांत सोपं असतं.

तिकीट तपासनीस तुमच्यापर्यंत येण्याआधी तुम्ही त्याच्यापर्यंत जा. यात पडणारा फरक मी अनेकदा पाहिला आहे. आपणहून आलेल्या माणसाला ते वाट दाखवतात, कागदावर गाडीचा नंबर लिहून देतात, तिकिटावर शेरा मारतात. आसनावर चुकीच्या तिकिटासह सापडलेला माणूस त्यांच्या लेखी फुकट्या असतो. सांगायचं एवढंच: कुठून चढलो, कुठे जायचं होतं, चुकीच्या भागात बसलो.

दोघं किंवा जास्त असाल तर हे आधी ठरवा

आमच्या एक तासाचं मूळ कारण गाडी नव्हती. चुकामूक झाली तर कोण हलणार आणि कोण थांबणार हे आमचं ठरलेलं नव्हतं. आता आमचा नियम असा आहे: बरोबर ठिकाणी पोचलेल्याने फलाटावर थांबायचं, चुकलेल्याने हलायचं. आणि बरोबर कोण हे कळत नसेल, तर दोघांनी शेवटच्या एकत्र स्टेशनात परतायचं आणि तिथल्या घड्याळाखाली उभं राहायचं. फोन चालत असो वा नसो, हा नियम बदलायचा नाही.

त्याच्या जोडीला: प्रत्येकाचं तिकीट प्रत्येकाच्या फोनमध्ये, निदान स्क्रीनशॉट तरी. पासपोर्ट प्रत्येकाच्या अंगावर, सॅकमध्ये नाही. थोडी रोख प्रत्येकाच्या खिशात. मुक्कामाचा पत्ता कागदावर. आणि हातात एक छोटी चिठ्ठी, त्यावर चार गोष्टी: गाडीचा नंबर, डब्याचा नंबर, दुभागायचं स्टेशन, पोचायची वेळ. आम्ही बॉलपेनने मनगटावर लिहितो.

रात्रीच्या गाड्या

इथे हाच प्रकार झोपेत घडतो. मध्य युरोपातल्या रात्रीच्या गाड्यांत वेगवेगळ्या शहरांचे डबे असतात आणि साल्झबुर्ग किंवा फिलाखसारख्या स्टेशनांत मध्यरात्री ते सोडून, फिरवून दुसऱ्या गाडीला जोडले जातात. झोपताना जी गाडी होती ती सकाळी नसते, फक्त तुमचा डबा तोच असतो. मित्राच्या डब्यात गप्पा मारायला गेलात आणि तिथेच डोळा लागला, तर तुम्ही व्हेनिसला आणि सॅक रोमला असं खरंच होऊ शकतं. रात्री अकरानंतर आपल्या डब्यात. उठून टॉयलेटला जातानाही पासपोर्ट आणि फोन गळ्यातल्या पाकिटात.

घड्याळाचंही लक्षात ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात. त्या रात्री धावणाऱ्या गाड्या कुठल्यातरी स्टेशनात तासभर उभ्या राहतात, बिघाड झालेला नसतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी उलटं होतं आणि गाडी पोचायला तासभर उशीर होऊ शकतो. त्या दोन सकाळी घट्ट कनेक्शन घेऊ नका.

गावाचं नाव फसवतं, गाडीचा नंबर फसवत नाही

इटलीतल्या स्टेशनात पाटीवर 'मोनाको' दिसलं म्हणून समुद्रकाठचा तो छोटा देश समजू नका. 'मोनाको दी बाविएरा' म्हणजे म्युनिक. बेल्जियममध्ये तर गाडी भाषेची सीमा ओलांडते तसं पडद्यावरच्या गावाचं नाव बदलतं: फ्रेंचमधलं मोंस डचमध्ये बेर्खन होतं, लिएज लाइक होतं, आणि फ्रान्समधलं लील तिथे राइसल म्हणून दिसतं. पाटीवर मोंस शोधत बसलेला माणूस समोरून त्याची गाडी जाऊ देतो.

एकाच नावाची दोन स्टेशनं हा दुसरा सापळा. जर्मनीत फ्रँकफर्ट दोन आहेत, एक माइन नदीवरचं आणि दुसरं पोलंडच्या सीमेवर ओडर नदीवरचं. पॅरिसमधलं 'गार द लियों' पॅरिसमध्येच आहे, लियों शहरात नाही. व्हेनिसच्या पुलाअलीकडे मुख्य भूमीवर मेस्त्रे आणि पलीकडे बेटावर सांता लुचिया. तिकिटावर यांपैकी कोणतं आहे ते बघूनच उतरा. इंटरलाकेनलाही वेस्ट आणि ओस्ट अशी दोन स्टेशनं आहेत, आणि डोंगरातली गाडी ओस्टवरून सुटते.

उपाय एकच. पाटीवर शहर शोधू नका, गाडीचा नंबर आणि सुटायची वेळ शोधा. पाटीवर मोठ्या अक्षरात गाडीचं शेवटचं स्टेशन असतं, तुमचं गाव वाटेत कुठेतरी बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच. नंबर मात्र तिकिटावर, पाटीवर आणि डब्यावर सारखाच असतो.

भिंतीवरच्या छापील वेळापत्रकाचीही एक गोष्ट. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि इटलीत सुटणाऱ्या गाड्यांचा कागद पिवळा असतो आणि येणाऱ्यांचा पांढरा. पांढऱ्या कागदावर आपली गाडी शोधत उभे असलेले लोक मी प्रत्येक सहलीत बघते. कोणी दिसलं तर मी सांगते, तुम्हीही सांगा.

कनेक्शन हुकलं

आधी एक गोष्ट तपासा: पूर्ण प्रवासाचं तिकीट एक आहे की तुकड्यातुकड्यांची दोन-तीन? पुढचं सगळं यावर ठरतं.

एकाच रेल्वे कंपनीकडून एकाच व्यवहारात घेतलेलं सलग तिकीट असेल, तर पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी हुकल्यावर तुम्हाला पुढे पोचवणं ही त्यांची जबाबदारी असते. युरोपियन युनियनमध्ये ७ जून २०२३ पासून प्रवाशांच्या हक्कांचे नवे नियम लागू आहेत. मुक्कामाला पोचायला ६० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं, तर पैसे परत घ्यायचे की दुसऱ्या मार्गाने पुढे जायचं हे तुम्ही निवडता. तुम्ही पुढे गेलात आणि उशीर ६० ते ११९ मिनिटांचा झाला तर तिकिटाच्या २५ टक्के, १२० मिनिटं किंवा जास्त झाला तर ५० टक्के भरपाई मागता येते. टोकाच्या वादळासारख्या कारणांना ही भरपाई लागू नाही, आणि ४ युरोच्या आतली रक्कम कंपनी नाकारू शकते. पुढे कसं जायचं हे सुटायच्या ठरलेल्या वेळेपासून १०० मिनिटांत कंपनीने सांगितलं नाही, तर तुम्ही स्वतः दुसऱ्या रेल्वेचं किंवा बसचं तिकीट काढून तो आवश्यक खर्च मागू शकता. रात्र काढायची वेळ आली आणि त्या दिवशी पुढे जाता येत नसेल, तर राहायची सोयही मागा. हे हक्क न मागता सहसा कोणी हातात ठेवत नाही.

जर्मनीत स्वस्त तिकीट एका ठरावीक गाडीला बांधलेलं असतं. मुक्कामाला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असेल तर ते बंधन उठतं आणि पुढच्या दुसऱ्या गाडीने जाता येतं. बरेच जण हे माहीत नसल्यामुळे नवं महाग तिकीट काढतात.

तिकिटं वेगवेगळी असतील तर बाजू कमकुवत आहे, पण संपलेली नाही. देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या प्रवासासाठी युरोपातल्या बऱ्याच राष्ट्रीय रेल्वे कंपन्यांमध्ये 'अ‍ॅग्रीमेंट ऑन जर्नी कन्टिन्युएशन' नावाचा करार आहे. उशीर झालेल्या गाडीच्या कंडक्टरकडून किंवा स्टेशनातल्या कर्मचाऱ्याकडून तिकिटावर उशिराचा शिक्का घ्या, मग सहभागी कंपनीच्या पुढच्या गाडीत जागेनुसार बसू देतात. हे नाव घेऊन विचारा, नुसतं 'गाडी चुकली' म्हणू नका.

आणि हे सगळं स्टेशनात उतरून खिडकीच्या रांगेत लागल्यावर सुरू करू नका. उशीर दिसायला लागला की गाडीतच कंडक्टरला शोधा. तो पुढच्या गाडीला थांबवण्याची विनंती करू शकतो, पर्यायी गाडी सांगू शकतो, तिकिटावर शेरा देऊ शकतो. उतरल्यावर त्याच कामाला तुमच्यापुढे चाळीस माणसं असतात. उशीर दाखवणाऱ्या पाटीचा, घड्याळ दिसेल असा, फोटो काढून ठेवा.

प्रवास आखताना अ‍ॅप सात-आठ मिनिटांची कनेक्शनं बिनधास्त दाखवतं. जिने, पंधरा किलोची सॅक आणि अनोळखी स्टेशन त्याच्या हिशेबात नसतं. मी निदान अर्धा तास ठेवते. आणि दिवसाची शेवटची गाडी कनेक्शन म्हणून कधीच धरत नाही.

तिकीट आहे, तरी दंड

इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून छापून घ्यावं लागतं. फोनवरच्या तिकिटाला चेक-इन लागतं. विसरलात आणि गाडी सुटली, तर कागदी तिकिटावर पेनाने तारीख-वेळ लिहा आणि लगेच कंडक्टरकडे जा.

युरेल पासचे, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या रेल्वेत चालणाऱ्या एकत्र पासचे, दोन घोळ नेहमीचे. पास फोनमध्ये असला तरी त्या दिवसाचा प्रवास चढण्याआधी पासमध्ये घालावा लागतो, नाहीतर तुम्ही विनातिकीट. शिवाय फ्रान्सच्या टीजीव्ही, इटलीच्या फ्रेच्चारोसा, स्पेनच्या एव्हीई आणि युरोस्टार या गाड्यांना पास असूनही वेगळं रिझर्वेशन लागतं. फोन बंद पडला तर दाखवायला काहीच उरत नाही, म्हणून पॉवर बँक सॅकच्या तळाशी नको, हाताशी हवी.

जर्मनीचं डॉइचलांड-टिकेट हे महिन्याचं तिकीट फक्त लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना चालतं, आयसीई आणि आयसी (इंटरसिटी) या लांब पल्ल्याच्या गाड्यांना नाही. दोन्ही एकाच फलाटावर येतात, तेव्हा बघून चढा.

रुळांची कामं आणि संप

गेल्या वर्षीचा अनुभव यंदा चालेलच असं नाही. जर्मनीत मोठे मार्ग महिनोन्‌महिने बंद ठेवून दुरुस्त केले जात आहेत; फ्रँकफर्ट-मानहाइम मार्ग २०२४ मध्ये जुलै ते डिसेंबर बंद होता, बर्लिन-हॅम्बुर्ग ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाला. अशा वेळी गाडी वळसा घेते किंवा तिच्याऐवजी बस असते. पाटीवर 'एसईव्ही' दिसलं तर ती बस, आणि ती सहसा स्टेशनाच्या बाहेरून सुटते. वेळापत्रकही दरवर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री बदलतं.

इटलीत 'शोपेरो' हा शब्द दिसला तर संप. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात प्रादेशिक सेवेतल्या ठरावीक गाड्या संपातही सोडतात. प्रवास त्या वेळात बसवा.

सॅक गाडीतच राहिली

तुम्ही फलाटावर, गाडी पुढे निघून गेली. लगेच स्टेशनातल्या कर्मचाऱ्याकडे जा आणि सर्वांत आधी गाडीचा नंबर सांगा, मग डबा, मग सॅक कुठे ठेवली होती: दाराजवळच्या रॅकवर, डोक्यावर, की दोन आसनांच्या पाठींमधल्या फटीत. सॅकचं वर्णन त्यानंतर. काळ्या सॅक त्या गाडीत डझनभर असतील, नंबर आणि डबा एकच असेल. गाडी वाटेत दुभागणारी असेल तर कोणत्या भागात होता तेही सांगा, म्हणजे पुढच्या बरोबर स्टेशनात फोन जाईल. मग रेल्वेच्या हरवलेल्या सामानाचा ऑनलाइन फॉर्म त्याच दिवशी भरा. सॅकच्या आत, वरच्या कप्प्यात, तुमचं नाव, ईमेल आणि देशाच्या कोडसह फोन नंबर लिहिलेला कागद असू द्या. बाहेरचं लेबल तुटतं. आतला कागद राहतो, आणि सॅक उघडून बघणाऱ्या माणसाच्या हातात पहिला तोच येतो.